मंगळीने ऑफिसचा कॉम्प्युटर बंद केला त्याची हकिगत

पालघर,
शनिवार, ३ मे १९९७

ती. ताईस,

बळवंतचा साष्टांग नमस्कार. ती. भावोजींनाही नमस्कार सांग, आणि त्यांचा खोकला आता कसा आहे ते कळव. तुझ्या गुडघ्याचं काय? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटलं होतं आणि तू तिसऱ्या मजल्यावर राहतेस, तेव्हा त्या दोघांतलं कोण जिंकलं हेही कळव. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. (सर्व म्हणजे सध्या मी एकटाच. ही मुलांना घेऊन माहेरी चिंचणीला गेली आहे.) मला अटक वगैरे झालेली नाही हे सुरुवातीलाच लिहितो, कारण केळव्याच्या वाडीत तसं काहीबाही बोललं गेल्याचं मला समजलं, आणि वाडीतली बातमी विक्रोळीला पोचायला फार वेळ लागत नाही. फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू "मुद्द्याचं बोल" म्हणतेस आणि मग मला मुद्दाच आठवेनासा होतो. ह्या पत्रात तुझ्याकडे माझं काही काम नाही. सहज लिहितो आहे.

तुला माहीत आहे, मी घाबरट आहे. ते लपवण्यात अर्थ नाही, कारण विहिरीत वाकून बघताना माझी चड्डी मागून धरायला तूच उभी असायचीस. वय वाढलं तशी भीतीही वाढली. तारापूरच्या अणुशक्ती केंद्राकडून सरावाची सूचना आली की मी आधी घराच्या खिडक्या लावतो आणि मग तो सराव आहे हे वाचतो. अशा माणसाने गणित शिकवावं, वर्गात फळ्याकडे तोंड करून उभं राहावं आणि निवृत्त व्हावं. पण गेल्या वर्षी आमच्या बोईसरच्या नव्या कॉलेजात (पालघरच्या मोठ्या कॉलेजात जागा मिळाली नाही की मुलं आमच्याकडे येतात, ते) कॉम्प्युटर आले, आणि ज्याला गणित येतं त्याला कॉम्प्युटर येतो अशी आमच्या प्राचार्यांची समजूत असल्यामुळे ते माझ्या गळ्यात पडले. पाच कॉम्प्युटर प्रयोगशाळेत आणि एक ऑफिसात. सगळे एकाच वायरीने जोडलेले. माझ्या टेबलावर बसलं की ऑफिसात जाता येतं, असं कंपनीचा माणूस फार अभिमानाने सांगून गेला. मला तेव्हाच धडकी भरली होती, पण मी त्याला चहा पाजून निरोप दिला.

जानेवारीत मुंबईच्या एका मोठ्या संशोधन संस्थेचं पत्र आलं. त्यांच्याकडे कॉम्प्युटरच्या सुरक्षेवर संशोधन चालतं. म्हणजे परका माणूस दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये कसा शिरू शकेल हे आधी आपणच शोधायचं आणि मग ती वाट बुजवायची. त्यासाठी कॉलेजातल्या मुलांना उन्हाळ्यात दोन महिने शिकवणार, विद्यावेतन देणार, आणि पुढे ज्यांना ह्यातच संशोधन करायचं असेल त्यांना हाताशी धरणार. पत्रात शेवटी लिहिलं होतं की, जी मुलं आजवर आमच्याकडे आलीच नाहीत ती पाठवा. मुली, आदिवासी, खेडोपाडीची. चोर सगळ्यांच्याच घरात शिरणार, आणि राखण मात्र एकाच आळीतल्या मुलांनी करायची, हे आम्हांला बरोबर वाटत नाही. वाक्य मला आवडलं. प्राचार्यांनाही आवडलं, आणि त्यांनी ते मीटिंगमध्ये वाचून दाखवून "कोण घेतं ही जबाबदारी?" असं विचारलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी पंख्याकडे बघत होतो, कारण तो डुगडुगत होता, आणि वर बघणारा मी एकटाच सापडलो.

मी नोटीस लावली. वर्गावर्गात जाऊन बोललो. मुलांचं म्हणणं, हे शिकून एमआयडीसीत पर्मनंट लागतात का? मला खोटं बोलायची भीती वाटते म्हणून मी म्हटलं, माहीत नाही. त्यावर वर्ग रिकामा झाला. एकच मुलगी थांबली. मंगळी दुमाडा, दुसऱ्या वर्षाची, मासवणच्या पुढच्या पाड्यावरची. वडील गोमा बोईसरला केमिकलच्या कारखान्यात पिंप चढवायला आहेत आणि पावसाळ्यात शेतीला घरी जातात. सालवडला त्यांची एक खोली आहे, तिथून ती कॉलेजला येते. ती मागच्या बाकावर बसून वर्षभर एक शब्द बोलली नव्हती. ती मला म्हणाली, "सर, आपले प्रयोगशाळेतून ऑफिसात जाता येते ना, ते चालेल का त्यांना?" मी म्हटलं, कुणी सांगितलं जाता येतं? ती म्हणाली, "तो कंपनीवाला सांगत होता तवा मी दारात होते. मंग बघितलं. नुसता पासवर्ड तेवढा हाय मधी."

ताई, मला घाम फुटला. पण संस्थेला अर्जासोबत नेमकं हेच हवं होतं. आपल्या आसपासच्या कॉम्प्युटरमधली एखादी कच्ची जागा शोधा, मालकाची परवानगी घेऊन तपासा आणि ती पक्की कशी करायची ते लिहा. परवानगी मी मागायची होती. प्राचार्यांसमोर मी उभा राहिलो आणि भीतीने इतकं गुळमुळीत बोललो, की ऑफिसच्या कॉम्प्युटरची जरा देखभालीच्या अंगाने पाहणी करावी म्हणतो, असं काहीतरी तोंडातून गेलं. ते म्हणाले, "करा. पण ओलं फडकं लावू नका." ही आमची परवानगी.

ऑफिसचा पासवर्ड हेडक्लार्क प्रतापरावांकडे होता. (माणूस सज्जन आहे, पण ज्याच्या हाती किल्ली त्याच्या चालण्यातच फरक पडतो.) ते एका बोटाने टाईप करतात आणि प्रत्येक अक्षर तोंडाने म्हणतात. मंगळी फी भरायच्या रांगेत उभी असताना तिने ते ऐकलं होतं, आणि तिच्या मागच्यापुढच्या सगळ्यांनीच ऐकलं असणार. ते एका बाईचं नाव होतं. प्रतापरावांच्या पत्नीचं नाव मंदा. ते नाव मंदा नव्हतं. ह्यापुढे मी काही लिहीत नाही.

होळीच्या आधीच्या आठवड्यात आम्ही दोघं प्रयोगशाळेत बसलो. तिने ते नाव घातलं आणि ऑफिसचं सगळं दप्तर आमच्यासमोर उघडलं. दुसऱ्याच्या घरात आपण नकळत शिरलोय आणि आतून भांड्यांचा आवाज येतोय, तसं मला वाटलं. मी म्हटलं, बंद कर. तिने बंद केलं. मग मला नवी भीती वाटली, की दार उघडं आहे हे आता आपल्याला माहीत आहे, उद्या कुणी शिरलं तर आपलंच नाव येणार. तेव्हा मीच म्हटलं की पासवर्ड बदलून टाक, प्रतापरावांना मी सांगतो. संस्थेच्या कागदात होतं की पासवर्ड लांब असावा, कुणाच्या ओळखीचा नसावा आणि कुठेही लिहून ठेवू नये. मंगळीने आपल्या पाड्याजवळच्या ओढ्याचं नाव आणि त्याला जोडून आजीच्या शेळीचं नाव, असं इंग्रजी अक्षरांत घातलं. मला दोनदा म्हणून दाखवलं. मी मान हलवली. ती होळीला घरी गेली. प्रतापरावांना सांगायला मी तीन वेळा ऑफिसच्या दारापर्यंत गेलो आणि तिन्ही वेळा त्यांच्यासमोर कुणीतरी बसलेलं होतं. (एकदा कुणी नव्हतं. पण त्यांचा चेहरा बरा नव्हता.)

धुळवड झाली आणि कॉलेज उघडलं. परीक्षा तोंडावर, हॉल तिकिटं छापायची होती, आणि कॉम्प्युटर उघडेना. प्रतापरावांनी ते नाव मोठ्याने म्हणत म्हणत घातलं, मग मनातल्या मनात घातलं, मग खुर्ची बदलून घातलं. मी पुढे होऊन म्हटलं, बघू. आणि तिथे माझ्या लक्षात आलं की मला शेळी आठवतेय, ओढा आठवत नाही. मी ओढा सोडून शेळीचं नाव निरनिराळ्या स्पेलिंगांनी घालू लागलो. "काय टाईप करताय, सर?" प्रतापरावांनी विचारलं. मी म्हटलं, "शेळी." त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. दुपारी कंपनीचा माणूस आला. तो म्हणाला, सगळं पुसून पहिल्यापासून भरावं लागेल. प्रतापरावांनी प्राचार्यांना जाऊन सांगितलं की कुणीतरी आत शिरलंय, आणि ती सालवडची मुलगी फार दिवस इथे घुटमळत होती. प्राचार्य म्हणाले, उद्या दुपारपर्यंत वाट बघतो, मग पोलिसांना कळवतो. मी तिथेच उभा होतो. मी काही बोललो नाही, सरळ एसटी स्टँडवर आलो.

मासवणला उतरून पुढे चालत गेलो. त्या वाटेवरच्या कुत्र्यांबद्दल समक्ष सांगेन. मंगळीच्या घरी सगळे अंगणात होते, होळीसाठी घरी आलेले गोमाही. आई तानींनी पाणी दिलं. मी मंगळीला म्हटलं, मला ओढ्याचं नाव सांग, स्पेलिंगसह, मी जातो. तिने विचारलं काय झालं, आणि मला काही लपवता येत नाही. पोलीस हा शब्द आल्याबरोबर गोमा उठून उभे राहिले. उंच, हडकुळा माणूस. आवाज चढवला नाही.

"सर, माना एक सांगा," ते म्हणाले. "तुमचा पोर दुसऱ्याचा कुलूप उघडून बघल, त लोक म्हनतील पोर हुशार हाय. माझे पोरीनी बघला त काय म्हनतील?"

गोमांनी मग आपल्या भावाचं, देवूचं सांगितलं. कारखान्यातली केबल नाहीशी झाली तेव्हा पोलिसांनी त्याला उचलून नेलं होतं. केबल पुढे मालकाच्याच गोदामात सापडली. देवूचा एक कान तेव्हापासून वाजतो. "चोर नाय हे ठरला, पन कोनी येऊन सांगितला नाय. नुसता सोडला. आमी त्याला घेऊन आलो." मग ते म्हणाले, "आता ही जायाची नाय. कालेज पन नाय. तुमी जा, सर."

मंगळी म्हणाली, "बाबा, मी नाय गेले त त्यांना वाटंल मीच केलं आन् पळाले."

"तूच केला ना?"

"केला. पन चोरी नाय केली. मी जाऊन सांगते."

शेवटी तानी आत गेल्या आणि गोमांचा धुतलेला सदरा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी तो नवऱ्याच्या हातात दिला, बस. रात्र मी त्यांच्याच अंगणात काढली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मासवणच्या थांब्यावरून आम्ही तिघे निघालो. एसटीत मंगळी माझ्या पुढच्या बाकावर होती. तोवर मला वाटत होतं की भीती फक्त मलाच वाटते. तिने पुढचा दांडा इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. मागे न वळता तिने विचारलं, "सर, पोलीस पैलं काय विचारतात?" मी म्हटलं, नाव विचारत असावेत. ती म्हणाली, "ते त येतं माना."

प्राचार्यांच्या खोलीत प्रतापराव होते, कंपनीचा माणूस होता. गोमा दाराशी उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. प्राचार्यांनी विचारलं, "पासवर्ड कुणी बदलला?" ताई, मी लहानपणी मार चुकवायला काय काय केलंय तुला ठाऊक आहे. तसंच काहीतरी करावं असं मला त्या क्षणी फार वाटलं. पण दाराशी गोमा होते आणि ते माझ्याकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते. ह्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे असं ते बघणं होतं. मी म्हटलं, "मी बदलायला सांगितला, सर. परवानगी मीच मागितली होती, ती तुम्हांला समजेल अशी मागितली नाही. प्रतापरावांना कळवायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. मुलीचा ह्यात दोष नाही." हे मी ठणकावून म्हटलं असं लिहायला मला आवडलं असतं. आवाज फाटला होता आणि शेवटचं वाक्य ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा म्हणावं लागलं.

मंगळी कॉम्प्युटरपाशी बसली. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा उघडलं. सगळं जिथल्या तिथे होतं. तरी प्रतापराव म्हणाले, "ते ठीक आहे. पण आधीचा पासवर्ड हिला कळला कसा? काय होता ते सांग म्हणावं सगळ्यांसमोर, म्हणजे चोरी आहे की नाही ते ठरेल." हे बोलून झाल्यावर आपण काय मागितलं ते त्यांच्या लक्षात आलं. माणसाचा चेहरा इतक्या झपाट्याने उतरलेला मी बघितला नव्हता. प्राचार्य म्हणाले, "सांग." मंगळीने प्रतापरावांकडे बघितलं, मग प्राचार्यांकडे. म्हणाली, "सर, तो नाय सांगायचा. संस्थेच्या कागदात हाय, कच्ची जागा दाखवायची पन कोनाचं गुपित बाहेर काढायचं नाय. शब्द सोपा होता, रांगेत ऐकू येत होता, एवढंच मी लिवलंय." मग प्रतापराव म्हणाले की, आपली काही तक्रार नाही, मुलगी समंजस दिसते, आणि वडिलांना चहा सांगा. गोमांनी तो चहाही उभ्यानेच घेतला.

अर्ज गेला. सबंध कोकणातून थोडी मुलं घेतली आणि त्यांत मंगळी आहे. निवडीच्या पत्रात तिच्या लिखाणातलं एक वाक्य त्यांनी उलट तिलाच लिहून पाठवलं होतं, गुपिताबद्दलचं: शब्द कच्चा होता एवढंच लिहिते, कोणता ते नाही. मी सालवडला जाऊन गोमांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा ऐकलं. म्हणाले, "शिकू दे. पन तिथं कोन हाय तिचा? तुमी उभे राहिलात, तसा उभा राहनारा एक मानूस तिथं पायजे. तो असंल त पाठवतो." मी त्यांना सांगितलं की संस्थेत सगळे चांगले लोक आहेत. ते म्हणाले, "असतील." आणि बिडी विझवली.

तर अशी ही हकिगत. बाकी वाडीला आंबा बरा आहे. भावोजींची काळजी घे. लोभ आहेच, तो ह्या पत्रानंतरही राहावा.

तुझा,
बळवंत

ता. क. तुझ्याकडे काही काम नाही असं वर लिहिलं, ते खरं नाही. संस्थेचं मुलींचं वसतिगृह दुरुस्तीला काढलंय आणि मुलींनी आपापली सोय करायची आहे. तुझ्या घरापासून एका बसचं अंतर आहे. गोमांनी उभं राहणारं माणूस म्हटलं तेव्हा मला एकच माणूस आठवलं. शेजारच्या मुलाला न्यायला पोलीस आले होते आणि तू दारात आडवी उभी राहून "आधी कागद दाखवा, आणि चपला बाहेर" म्हणाली होतीस, आणि ते परत गेले होते. मंगळीला दोन महिने ठेवून घेशील का? तुझं स्वयंपाकघर, तुझं सोवळं, ह्याबद्दल मी मुद्दाम काही लिहीत नाही. तू काय म्हणशील हे मला खरोखर माहीत नाही, आणि तीच भीती सगळ्यांत मोठी आहे.

ता. क. दुसरा. हे पत्र पोस्टाने पाठवून उत्तराची वाट बघणार होतो, पण शिकवणी सोमवारी सुरू होते आहे. म्हणून रविवारी हातोहात पाठवतो. ज्या मुलीने हे तुझ्या हातात दिलं तीच मंगळी. सोबत उभे आहेत ते गोमा. ते काही विचारणार नाहीत. पाणी दे, आणि बसा असं दोनदा म्हण, एकदा म्हटल्याने बसत नाहीत.

ता. क. तिसरा. (पेन्सिलीने लिहितो आहे, अक्षर समजून घे.) मीही आलो आहे. तुझ्या बिल्डिंगखाली पिठाच्या गिरणीपाशी उभा आहे. वर यायचा धीर झाला नाही. होकार असेल तर खिडकीतून नुसता हात कर, मी समजेन. नाही म्हणायचं असेल तर त्यांच्यासमोर म्हणू नकोस. मला हाक मार. मी वर येतो, आणि ते मीच त्यांना सांगेन.